तीन इंच भिंत

त्या इमारतीतल्या अठरा घरांपैकी सोळा घरांची दारं मिस्त्रींच्या हातची होती. अडुसष्टाव्या वर्षीही जिना चढताना ते दुसऱ्यांच्या दारांवरून हात फिरवत जात, जणू लेकींची खुशाली विचारताहेत. अशा सुताराच्या स्वतःच्याच घरात एक दार अडून बसलं होतं.

बायकोला चाकांच्या खुर्चीत बसावं लागलं, त्याला चौदा महिने झाले होते. खुर्ची बाथरूमच्या चौकटीतून जात नसे. तीन इंच कमी पडत. मिस्त्री तिला दाराशी उचलत, आत नेत आणि धरून उभे राहत, मान भिंतीकडे वळवून. चौकट काढून तीन इंच भिंत फोडणं म्हणजे त्यांचं दोन दिवसांचं काम. पण भिंत त्यांची नव्हती. घर नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचं. जमीन नि भिंती मालकीणबाईंच्या, आणि मुदत संपली की घरही त्यांचंच. मिस्त्रींनी घेतलं तेव्हा सत्तर वर्षं उरली होती. "सत्तर वर्षांनी कोण बघायला येतंय!" असं म्हणत त्यांनी हसत सही ठोकली होती. आता अडतीस उरली होती.

भिंत फोडायला मालकीणबाईंची ना नव्हती. फक्त त्यांच्या छापील अर्जात शेवटी एक ओळ होती: या जमिनीवर वा इमारतीवर मी कधीही हक्क सांगणार नाही.

आणि नेमका तोच हक्क मागायची वेळ आली होती. नवा कायदा येऊ घातला होता. दोन तृतीयांश घरांनी मिळून मागितलं, तर मालकाला जमीन त्यांना विकावीच लागणार होती. त्यावरच्या सुनावणीत इमारतीचं म्हणणं मांडायला बारा सह्या हव्या होत्या. बारावी मिस्त्रींची होती.

"मिस्त्री, तो अर्ज भरलात तर आमच्या सगळ्यांच्या पायावर धोंडा पडेल," वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले. "जरा कळ काढा. कायदा झाला की अख्खी भिंत पाडा!"

"कधी होईल?"

"चर्चा चालू आहे."

"तुमच्या चर्चेला बाथरूमला जावं लागत नाही, मास्तर."

पोस्टमास्तर खजील झाले. पण शेजाऱ्यांना तोंडघशी पाडणं मिस्त्रींनाही जमेना. मालकीणबाईंना शिव्या घालणंही जमेना. भाडेपट्ट्यावर सही तर आपणच डोळे उघडे ठेवून केली होती. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. दार बिजागऱ्यांवरून उतरवायचं, म्हणजे बायकोला नेताना तिचं कोपर आपटणार नाही, आणि तिथे पडदा लावायचा.

खालची शिंपीणबाई माप घ्यायला आली. जमिनीच्या मागणीवर तिने सही केली नव्हती. मालकीणबाईंनी तिला घरात शिलाई मशीन चालवू दिली होती, त्या उपकाराला ती जागत होती.

"रंग कोणता आणू, काकू?"

"कोणताही आण. त्याला आतून कडी लागणार आहे का?" काकू म्हणाल्या. "चौदा महिन्यांत मी एकदाही एकटी बसले नाही गं. हे बिचारे मान वळवतात. पण कान कुठे वळवणार?"

मिस्त्री बिजागरीचे स्क्रू काढत होते. त्यांचा हात थांबला. हे तिने त्यांना कधी बोलून दाखवलं नव्हतं.

शिंपीणबाईने टेप गुंडाळली. "काका, हा पडदा मी नाही शिवणार," ती म्हणाली आणि खाली जाण्याऐवजी वरच्या मजल्यावर गेली.

थोड्या वेळाने पोस्टमास्तर धापा टाकत आले. "शिंपीणबाईंनी सही केली! तेरा झाल्या. आता तुम्ही गळलात तरी आमचं अडत नाही." मग त्यांचा आवाज उतरला. "पण मिस्त्री, उद्या सगळी घरं मालकीची होतील आणि तुमचं तेवढं पट्ट्यावर राहील. नीट विचार करा."

"अडतीस वर्षं आहेत ना? तोवर मी शंभरी ओलांडेन," काकू म्हणाल्या. "पुरे झाली की!"

"आणि लेकीला काय ठेवायचं?" मिस्त्रींनी विचारलं.

त्यांनी लेकीला फोन लावला. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "बाबा, एवढ्यासाठी थांबला होतात?"

मिस्त्रींनी अर्ज भरला. परवानगी यायला नऊ दिवस लागले. काम दोन दिवसांत झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकू स्वतः चाकं फिरवत निघाल्या. सवयीने मिस्त्रीही मागोमाग गेले. दार त्यांच्या नाकासमोर बंद झालं आणि आतून कडी लागली. ते तिथेच उभे राहिले.

"अहो, अजून दाराशीच आहात का?" आतून आवाज आला.

"छे! मी कधीच स्वयंपाकघरात आलोय," असं म्हणत मिस्त्री पाय न वाजवता चहा टाकायला गेले.