कांता उभी राहायची

कांता गेल्याचं मला विमलनं सांगितलं. दारातच उभी होती, केसांत, भुवयांवर कापूस. "मावशी, गंजी आली अंगावर," एवढंच बोलली. दिवाळीपासून ही बातमी येणार हे मी धरून होते. फक्त नाव ठाऊक नव्हतं.

मारेगावच्या रस्त्यावरच्या जिनिंगात, सरकी काढायच्या कारखान्यात, आम्ही एका गावच्या बाया टोळीनं जात असू. माझे गुडघे गेले तेव्हा मी टोळी कांताच्या हाती दिली. तिथं आवारात कापसाची गंजी घराहून उंच लागते. बाया पायथ्याचा कापूस टोपल्यात भरून मशीनकडं नेतात. खालून कापूस निघत जातो आणि वरची कड तशीच पुढं लोंबत राहते. कापूस हलका असतो म्हणतात. गंजी हलकी नसते. म्हणून आमची रीत होती, एका बाईनं हातात काही न घेता मागं उभं राहायचं आणि वर पाहायचं. कड हलली की ओरडायचं. पाळीपाळीनं सगळ्या उभ्या राहायच्या. टोपली सगळ्या टोळीची मिळून मोजत, त्यामुळं उभ्या राहणारीचं काही जात नव्हतं.

मग दिवाळीत नवा मॅनेजर आला. माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम लिहिते. बायांना हुरूप यावा असं त्याला मनापासून वाटे. त्यानं प्रत्येकीची टोपली वेगळी मोजायला लावली, आणि महिन्यात पहिली येईल तिचा फोटो फाटकाशी लावायचं ठरवलं. पहिला फोटो कांताचाच. ती म्हणाली, "साहेब, सगळ्याइचा काढा ना. एकटी कशी दिसन मी तिथं? चोरावानी!" बाया हसल्या. साहेबही हसला. "एकटीनं पुढं यायला शिका," म्हणाला.

शिकल्या. उभं राहायची पाळी आली की एकीला तहान लागायची, दुसरीचं पोट दुखायचं... शेवटी कांताच रोज उभी राहू लागली आणि तिचं नाव तळाला गेलं. साहेबानं सगळ्यांसमोर विचारलं, "तेव्हा पहिली, आता शेवटची? फोटो डोक्यात गेला का?" त्यावर विमलनंच टोमणा मारला, "मुकादमीन हाय ना थे! आभाय पाह्यते!" साऱ्या खिदळल्या.

त्या संध्याकाळी कांता माझ्याकडं आली. चहा घेतला नाही.

"मावशी, मले आळशी म्हणून राह्यले."

"म्हणू दे. तू उभी राह्य."

"साहेबाच्या बोलण्याचं मले काही नाही वं. पण आपल्या बाया हासल्या..."

साहेबाच्या शाबासकीसाठी तिनं बोटही हलवलं नसतं. आपल्या बायांत आपण परकी व्हावं, हे मात्र तिला सोसलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनंही टोपलं उचललं आणि त्यांच्यात जाऊन वाकली. कोणी तरी तिला जागा करून दिली म्हणे. खूश होती. मागं कोणीच नव्हतं. कड सुटली तेव्हा ओरडायला तोंड नव्हतं... विमल हातभर बाजूला होती म्हणून वाचली. कापूस उकरायला मग साऱ्या धावल्या. तेव्हा कोणाचं टोपलं किती, हे कोणी पाहिलं नाही.

आता फोटो बंद झालेत. मोजणी चालू आहे. उभी कोण राहते म्हणून विमलला विचारलं, तर ती माझ्या गुडघ्यांची चौकशी करू लागली.

कांताला एक खोड होती. कुठंही बसायच्या आधी मान वर करून पाहायची. लग्नाच्या मांडवात, एसटीत, माझ्या पडवीतसुद्धा. पडवीवर टिनाशिवाय काय आहे? मी खेकसायचे, "काही पडत नाही, बस!" परवा तिची सून आली. सोमवारपासून सासूच्या जागी जिनिंगात जाणार म्हणाली, आणि सरळ खाली बसली.

"आधी वर पाह्य," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडंच पाहिलं. "वर काय हाय, आजी?"