सात नंबरचा निळा

नाशिकच्या ताईंचं नाव इथं घालत नाही, त्यांना आवडणार नाही. पण आधी हात जोडतो ते त्यांनाच. त्या एका हॉटेलचं इंटीरियर बघायच्या आणि मी तिथं भिंती रंगवायचो. आज मी दोहात कामावर आहे तो त्यांच्यामुळे.

फुटबॉलच्या वर्ल्ड कपच्या आधीचे ते दिवस. जिकडेतिकडे ‘यल्ला यल्ला’, म्हणजे चला, आटपा. लॉबीत समुद्राचं मोठं चित्र काढायला एक जपानी बाई आल्या. त्यांना दोन मदतनीस हवे होते. ताईंनी मला दिलं आणि नजमा भागातल्या माझ्याच खोलीत राहणाऱ्या वसईवाल्याला दिलं. त्याच्याकडे चित्रकलेचा डिप्लोमा, इंग्रजी फाडफाड. मी आठवीत शाळा सोडलेला. बाईंनी त्याला निळा दिला, मला पांढरा.

निळा म्हणजे दगड कुटून, चाळून केलेली पूड. बाटल्यांवर नंबर. बशीत सरस घालून वसईवाला ती एका बोटानं कालवायचा आणि बाई खूश होऊन मान डोलवायच्या. पांढरा म्हणजे शिंपल्यांची पूड. ती मी खलात घोटायचो, हात भरून येईपर्यंत. माझ्याकडे कोण बघतंय!

“काय भाऊ, आज किती दळण?” जेवताना तो म्हणाला. सगळी खोली हसली, मीही हसलो. पण ताट अर्धवट टाकून उठलो.

दुसऱ्या दिवशी मी त्याची बशी बघितली. सात नंबरचा निळा वाळूसारखा खरखरीत, तळाला बसलेला. मनात म्हटलं, हा तर कच्चाच राहिलाय, आणि याचं एवढं कौतुक? आमच्याकडे पॉलिश पेपरचा नंबर मोठा तेवढा तो बारीक, तेवढी भिंत गुळगुळीत. शिंपल्याचंही तेच. दुपारी सगळे जेवायला गेले तशी मी सात नंबरची अख्खी बाटली खलात ओतली. याच्यापेक्षा भारी निळा करून दाखवतो!

घोटत गेलो तसा निळा उडत गेला. वाटलं, अजून कमी पडतंय. आणखी घोटला. शेवटी राहिला तो धुऊन धुऊन विटलेल्या शर्टासारखा.

ताईंनी नंतर समजावलं, दगड एकच असतो. दाणा जाड तर रंग गडद, बारीक तर फिका. एकदा बारीक झालेला परत जाड होत नाही.

“खलास! इसको घर भेजो,” साईटचे साहेब ओरडले. गावाकडं बहिणीचं कॉलेज माझ्यावर होतं. ताई मधे पडून इंग्रजीत काहीतरी बोलल्या आणि साहेब त्यांच्यावरच घसरले. काय बोलल्या ते वसईवाल्यानं सांगितलं: “त्या म्हणाल्या, सगळ्या बाटल्या घोट असं मीच त्याला सांगितलं होतं. वाचलास, भाऊ.”

जपानहून नवी बाटली येईपर्यंत काम अडलं. ताईंना लॉबीवरून काढून तळघरातल्या पार्किंगवर टाकलं. चित्र पूर्ण झालं तेव्हा बाईंनी वसईवाल्याला शेजारी उभं करून फोटो काढला. त्यानं माझी चुगली केली नव्हती, तरी तो फोटो बघून मी जळलो. अजूनही जळतो, खोटं कशाला बोलू?

पण ताई, त्या साहेबांना खरं काय ते मी सांगणार आहे. दोनदा त्यांच्या केबिनच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. भीती वाटते. तरी सांगणार, आणि तुमच्यासमोर सांगणार.