भर दुपारचे भुंगे

प्रिय आर्या आणि निहार,

उन्हाच्या लाटेत तुमच्या तिकडच्या बागेत मरून पडलेल्या बंबलबीचा, त्या केसाळ भुंग्याचा, फोटो तुम्ही पाठवलात आणि विचारलंत, आजी, तुमच्याकडचे भुंगे कसे आहेत? माझे थोरले भाऊ, तुमचे अण्णाआजोबा, जाऊन दीड महिना झाला. या प्रश्नाचं उत्तर त्यांना वगळून देता येत नाही, म्हणून आज लिहिते.

आपल्याकडचा भुंगा काळाकुळकुळीत, लाकूड पोखरून राहणारा. अण्णांच्या तासगावच्या मळ्यात तो गोठ्याच्या जुन्या वाशांत राही. वर उसाच्या पाचटाचं गार छप्पर. फौजेतून परतल्यापासून अण्णा सकाळचा चहा त्या वाशांखालीच घेत. पूर्वी भुंगे दुपारपर्यंत शेवग्याच्या फुलांवर असत. अलीकडे ऊन चढायच्या आत परतत आणि भोकाच्या तोंडाशी पंख हलवत बसत. फुलं तशीच गळून जात. मी त्यांच्या शिस्तीचं कौतुक केलं, तर अण्णा म्हणाले, "शिस्त न्हाई गं सुमन, ही माघार हाय."

या उन्हाळ्यात त्यांना मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं. मी सांगलीहून रोज जाई. गेल्या गेल्या विचारत, भुंगे आहेत ना? मग मी त्यांच्या मुलाला, संजयला, फोन लावायची. आहेत, म्हणायचा. एकदा मी त्याला सांगितलं, अण्णा फार खचलेत. तो म्हणाला, "त्यांना सांगा आत्या, आता भर दुपारीबी शेवग्यावर लय भुंगं हायत."

मी आनंदाने सांगितलं. अण्णा माझ्याकडे बघत राहिले.

"दुपारी... या उन्हात?"

एवढं बोलून त्यांनी कूस बदलली. पुन्हा कधी भुंग्यांचं नाव काढलं नाही. मला वाटलं, समाधान झालं.

दहाव्याला मळ्यात गेले, तर गोठ्याच्या जागी पत्र्याची शेड आणि आत ट्रॅक्टर. अण्णांना दवाखान्यात हलवल्यावर लगेच वासे उतरवले होते.

"आवं आत्या, ते काय दवाखान्यातनं परत येणार हुते व्हय?" संजय म्हणाला. "मग त्यांना दुखवायचं कशाला?"

त्याने मला फसवलं, आणि अण्णांना माझ्याच तोंडून. पण त्याहून जास्त सलतं ते वेगळंच... अण्णांना त्या दिवशी सगळं कळलं होतं, तरी मला बोलले नाहीत. मीही संजयला सामील आहे, असं वाटलं असेल का त्यांना?

सरपणात पडलेला एक वासा मी सांगलीला आणला आहे. मागच्या जिन्याखाली, सावलीत ठेवलाय. सकाळी त्याच्याखाली थोडा भुसा पडलेला असतो. त्यात एक भुंगा आहे.