बॅकअपचा फोन

आर्णी गावातल्या घरी बसून मी शेअरचे सौदे करतो. कापसाचा ट्रॅक्टर गल्लीतून गेला की वायर तुटून नेट जायचं, म्हणून बाजार सुरू असेपर्यंत आईचा जुना फोन मी हॉटस्पॉटसाठी काढून घ्यायचो. त्यावर कॉल आला की नेट बंद पडायचं.

एकदा वावरातून बाबांचे तीन कॉल आले. तिन्ही मी शिवी हासडून कापले.

दुपारी शेजाऱ्यानं बाबांना बैलबंडीत टाकून आणलं. पाय मोडला होता.

"फोन काहून कापून राह्यलती वं?" बाबा आईवर खेकसले.

आईनं माझ्याकडे पाहिलं. "कामात होती मी," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाजार उघडायच्या आधी मी तिच्यापुढे हात केला. तिनं फोन पदराला पुसून दिला.