मामांच्या आवाजाची नवी घडी

माझ्या मामांचा आवाज असा, की त्यांनी फर्दापुरात खाकरलं तर तिकडं हर्सूलच्या तुरुंगात कैदी हजेरीला उभे राहायचे. खोटं वाटत असेल तर कैद्यांना विचारा. त्याच आवाजात ते पर्यटकांना लेण्यांतली चित्रं समजावून सांगत, तेव्हा वटवाघळं लटकणं सोडून सरळ बसून ऐकत. पुढं घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला, कुजबुज उरली.

त्याआधी मी त्यांचं बोलणं लेण्यांतच रेकॉर्ड केलं होतं, म्हणून बरं. मामांच्या दुकानात पर्यटकांना कानाला लावायची यंत्रं भाड्यानं मिळतात. त्यांत मामा बोलतात. आवाजाची घडी घालून तो फायलीत बसवायचा आणि ऐकताना उलगडायचा, या रीतीला कोडेक म्हणतात. आमचा कोडेक फुकटचा, कुणीही उघडून बघावा असा, खास बोलण्यासाठी केलेला. करणाऱ्यांनीच एक दिवस जाहीर केलं, हा आता म्हातारा झाला, याचा वारस वापरा. जुनी यंत्रं मोडत आली होती, आणि नवी फक्त वारसाला ओळखत. मूळ रेकॉर्डिंग कधीच पुसलं गेलेलं. मामांचा आवाज जगात उरला होता तो त्या जुन्या घड्यांत.

मी शहरातून लॅपटॉप घेऊन गेलो. रस्ता उन्हात वितळून दुकानाखालून वाहत होता. जुनी फाईल उलगडली, खरखर, गुहेतला घुमारा, सगळं घासूनपुसून काढलं आणि नव्या कोडेकात बसवलं. स्पीकरवर लावलं.

आतून मामी ओरडल्या, "कोण पाव्हणं आलंय? पाणी देऊ का?"

मामांचा चेहरा उतरला. माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "घरच्या बाईनं वळखलं नाय. लई धुतलंस रे."

"मामा, थांबा. जुनी फाईल तशीच आहे."

पुन्हा तीच उलगडली. या वेळी कशालाच हात लावला नाही, नव्या घडीला फक्त जागा ऐसपैस दिली, फाईल मोठी झाली तर होऊ दे म्हटलं. तोवर दुपार इतकी दाट झाली होती की पंखाही झोपेत फिरत होता. मग आवाज आला. दुकानाच्या भिंती मागं सरकल्या, छत उंच गेलं, पायाखाली गार दगड लागला. शपथेवर सांगतो, माझ्या अंगावर काटा आला तो थंडीनं.

"आले, आले! केवढ्यानं ओरडता!" म्हणत मामी पिठाचे हात घेऊन दारात आल्या. मामांचे ओठ मिटलेले होते. मामींनी एकदा त्यांच्याकडं, एकदा स्पीकरकडं पाहिलं आणि त्या उंबऱ्यावरच बसल्या. स्पीकरमधले मामा चित्रातल्या राणीची गोष्ट सांगत होते.

मी आवाज कमी करायला हात पुढं केला. मामांनी मनगट धरलं.

"राहू दे," ते कुजबुजले. "पहिल्यांदाच मधी न बोलता ऐकतीय."