बर्फाच्या गुहेत अनवाणी

आई गेल्यावर मी देवाशी बोलणं सोडलं होतं. रडलेही नव्हते. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ती पुण्यात गेली तेव्हा मी नेदरलँड्समधल्या न्यूनेनच्या घरात एकटी होते आणि विमानं बंद होती. अंत्यदर्शन फोनच्या पडद्यावर झालं, तेही नेट अडकत अडकत. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडून मी मीटिंगला बसले, तर सगळे म्हणाले, किती स्ट्राँग आहेस! बाबांशी रोज फोन व्हायचा, पण जेवलात का, गोळी घेतलीत का, यापलीकडे आम्ही दोघंही जात नव्हतो. एक रडला तर दुसऱ्याला सावरायचं कोणी, ही धास्ती असावी.

आईला अमरनाथला जायची फार इच्छा होती, पण महामारीत ती यात्राच रद्द झाली. आई गेली त्याच वर्षी युरोपातल्या उन्हाळ्यात सीमा उघडल्या आणि ऑस्ट्रियातल्या एका बर्फाच्या गुहेचा फोटो माझ्या पाहण्यात आला. आत बर्फाचा उंच खांब, थेट शिवलिंगासारखा. श्रद्धा उरली नव्हती, तरी आईचं राहिलेलं दर्शन आपण करून टाकावं असं वाटलं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "जा. तिच्या वतीने जा."

नेदरलँड्समध्ये राहून डोंगराची सवय मोडते. आमच्याकडे सायकलला चढ लागतो तो पुलावर. भर उन्हात धापा टाकत मी त्या गुहेकडे चढत होते. वाटेत कुटुंबं सावलीला बसून ब्रेड खात होती, एकमेकांचे फोटो काढत होती. माझा फोटो काढायला कोणी नव्हतं आणि मलाही तो नको होता. इतकं एकटं मला घरच्या चार भिंतींतही वाटलं नव्हतं.

गुहेच्या तोंडाशी गार वारा अंगावर आला. गाईड पुढे दिवे वाटत होता, लोक जाकिटं चढवत होते. आणि मी शहाणीने बूट काढले. मोजेही काढले. देवाच्या दारात पायताण घालून आई कधी गेली नसती. दीड मीटर अंतर पाळायच्या नादात माझ्या पायांकडे कोणी पाहिलंही नाही.

आतल्या लाकडी पायऱ्यांवर पाणी गोठलेलं. आधी तळपाय भाजल्यासारखे झाले, मग पाय आहेत की नाहीत तेच कळेना. दिवे पुढे निघून गेले. मी पायरीवर बसले आणि कितीतरी दिवसांनी देवाशी बोलले, तेही भांडायलाच. "शंकरा, एवढंसुद्धा होऊ दिलं नाहीस ना?"

मागून एक आजीबाई सावकाश येत होत्या. त्याही नेदरलँड्सच्याच असाव्यात; माझे पाय पाहून, मला कळेल की नाही याचा विचार न करता, डचमध्येच म्हणाल्या, "अगं, तुझे बूट कुठेत?"

"बाहेर. देवाकडे जाताना काढतो आम्ही."

त्या हसल्या नाहीत. पाठपिशवीतून लोकरीचे मोजे काढून सरळ माझ्यापुढे गुडघ्यांवर बसल्या आणि माझं पाऊल दोन्ही हातांत घेतलं. मी दचकून पाय ओढला. आईच्या वयाची बाई, तिने माझ्या पायांना हात लावायचा? पाप लागेल मला! "नको, प्लीज, मी करते," म्हणत राहिले, पण बोटं वळत नव्हती. "अंतराचं राहू दे आता," त्या म्हणाल्या, "पाय दे इकडे."

मग मी पाय दिला. त्या चोळत राहिल्या. दीड वर्षात मला माणसाचा हात लागला नव्हता, हे मला तिथे कळलं. पायांत ऊब आली आणि मला रडू फुटलं, मोठ्याने, सगळ्या गुहेत घुमेल असं. "आई गेली माझी," मी मराठीतच म्हणाले. त्यांनी अर्थ विचारला नाही, काही समजावलं नाही. रडणं ओसरल्यावर मोजे चढवले आणि हाताला धरून मला बाहेर आणलं. मी वाकून नमस्कार केला, तर बिचाऱ्या गोंधळल्या आणि मला मिठीच मारली. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

हा चमत्कार होता का, याच्या खोलात मी शिरत नाही. शरण जाणं म्हणजे देवाच्या पायांवर डोकं टेकणं, एवढंच मला ठाऊक होतं. आपला पाय दुसऱ्याच्या हाती सोडून गप्प बसणं त्याहून अवघड निघालं.

तो बर्फाचा खांब मी पाहिलाच नाही. संध्याकाळी बाबांचा फोन आला. "झालं का गं दर्शन?"

"झालं, बाबा," मी म्हटलं आणि पुन्हा रडू लागले. मग पलीकडे बाबाही रडले.