दोन्ही बाह्या एकाच हाताच्या

आमच्या शिवणाच्या दुकानात माझ्या मावशीला सगळ्या जणी ‘बरंझालं’ म्हणत, अर्थात तिच्या पाठीमागे. वीज गेली की ती म्हणायची, बरं झालं, डोळ्यांना विश्रांती. गिऱ्हाईक भांडून गेलं की बरं झालं, आपलं कुठे चुकतं ते फुकटात कळलं. ऐकून माझं डोकं फिरायचं. जिन्यावरून पडून तिचं उजवं मनगट मोडलं, तेव्हा प्लास्टर घालून घेतानाही म्हणाली, बरं झालं, डावा हात इतकी वर्षं आयतं खात होता. डॉक्टर हसले. मला रडू येत होतं.

कारण मावशी कटर होती. बावीस वर्षं कापायचं टेबल तिचं. ती कापेल ते आम्ही बाकीच्या मशीनवर शिवायचो. त्या टेबलाला ती कुणाला हात लावू देत नसे, मलाही नाही, आणि मी तर तिच्याच घरात वाढलेली. प्लास्टर निघालं, पण मनगटात जोर आला नाही. कात्री दोन इंच चालली की हातातून गळायची. मालकीणबाई वाईट नव्हत्या, पण त्यांना दुकान चालवायचं होतं. महिनाभर बघू, म्हणाल्या. नाही जमलं तर तुम्ही काज-बटणांकडे बसा, मी दुसरा कटर बघते.

मावशीनं डावखुऱ्यांची कात्री आणली आणि घरी जुनी वर्तमानपत्रं कापू लागली. स्वयंपाकघरभर कागदाच्या पट्ट्या. रेघ कुठे सुटली ते मी वाकून बघायची. पहिल्या आठवड्यात ती सगळीकडेच सुटलेली असायची. मावशी म्हणायची, बघ, पन्नाशीत पुन्हा पहिलीत बसायला मिळालं. तिच्या हातून वाटी निसटली तरी मी दचकायची. तिच्या वाट्याची काळजीसुद्धा मलाच करावी लागतेय, असा राग यायचा.

महिना संपायच्या शनिवारी शाळेत संगीत शिकवणाऱ्या एका बाईंचा कोट शिवायला आला. जाड लोकरी कापड, लेकीनं लांबून पाठवलेलं, जेमतेम एका कोटापुरतं. मंगळवारी बाईंचा शाळेत निरोपसमारंभ होता. मालकीणबाईंनी कापड मावशीपुढे ठेवलं. ही परीक्षा आहे असं कुणी बोललं नाही, पण सगळ्या मशीन हळू झाल्या.

मावशीनं सुरेख कापलं. कात्री रेघेवरून केसभरही हलली नाही. मला हायसं वाटलं. दुपारी मालकीणबाई बाहेर गेल्या, मी बाह्या जोडायला घेतल्या आणि मशीन थांबवली. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या होत्या.

बाहीचा वरचा गोल पुढून जास्त खोल असतो, म्हणून डावी-उजवी वेगळी. कापड दुहेरी घडीत कापलं की बाह्यांची जोडी आपोआप निघते. जाड घडी डाव्या हाताला झेपेना, म्हणून मावशीनं कापड उलगडून एकेक बाही कापली होती. अशा वेळी दुसऱ्या बाहीसाठी कागदी साचा पालथा ठेवावा लागतो. बावीस वर्षांत तिच्यावर ती वेळच आली नव्हती. कापड सुलट बाजूनं तकतकीत, उलट बाजूनं निस्तेज. डावी बाही उलटवून उजवीकडे लावायची सोय नाही.

मी तिला हळूच दाखवलं. ती खुर्चीत बसली. बरं झालं म्हणाली नाही. ज्या शब्दांचा मला इतका तिटकारा, ते आले नाहीत तेव्हा मला खरी भीती वाटली. बराच वेळ ती नुसती कापडावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, एका बाहीचा वरचा गोल उजव्या हाताचा म्हणून नव्यानं कापू. तीन बोटं आखूड होईल. दुसरीही तेवढीच करू आणि मनगटाला अस्तराच्या कापडाची पट्टी लावू. तिनं खडूनं रेघ आखली, थेट कडेला लागून. सूतभरही जागा उरली नव्हती. तिनं कात्री उचलली आणि परत ठेवली.

“मी आखलंय. तू काप.”

मी म्हटलं, मी कधी कापलेलं नाही.

“मी कधी कापू दिलं नाही. ते वेगळं.”

तिनं तिची जुनी कात्री माझ्या हातात दिली. मी रेघ धरून कापलं. बाही बसली, आणि पट्टीमुळे कोट उलट जास्तच देखणा दिसायला लागला. मी मावशीला बजावून ठेवलं, शोभेसाठी पट्टी लावली म्हण, मी तोंड उघडणार नाही.

संध्याकाळी मालकीणबाईंनी कोट खिडकीपाशी धरून पाहिला. खूश झाल्या. हात बसला म्हणायचा तुमचा, म्हणाल्या. मावशीनं एकदा टेबलाकडे पाहिलं.

“नाही बसला. मी दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या होत्या. नंतर आखून मी दिलं, पण कापलं हिनं.”

मालकीणबाईंनी तिथेच ठरवलं: सोमवारपासून टेबल माझं. मावशीनं सकाळी आखून द्यायचं आणि दुपारी बटणं लावायची. घरी जाताना मी तिच्यावर संतापले. तोंडाशी आलेला घास घालवलास, म्हटलं.

“टेबल गेलं, वाईट वाटतंच,” ती म्हणाली. “पण तुला शिकवायला मला हात मोडावा लागला, त्याचं जास्त वाटतं.”

सोमवारी पहिलं कापड टेबलावर आलं. सगळ्या जणी बघत होत्या आणि कापड सारखं सरकत होतं. मावशी शेजारी येऊन उभी राहिली आणि तिनं आपला उजवा हात कापडावर दाबून धरला. त्या हातात काहीच जोर उरलेला नव्हता. कापड त्याच्याखालूनही सरकत होतं. मी तिला ते सांगितलं नाही. माझ्या डाव्या हातानं कापड गुपचूप धरलं आणि कात्री चालवली.